पडायला शिकलो ते वर्ष

माझा थोरला भाऊ कोराडीच्या पॉवरहाउसमध्ये कामाला होता. एका सकाळी तो पहिल्या पाळीला गेला, गेटच्या आत शिरला, थोडा चालला आणि खाली बसला. बसला तो बसलाच. उचलून दवाखान्यात नेईपर्यंत सगळं आटोपलं होतं. सत्तेचाळीस वर्षांचा गडी, अंगानं भरलेला, साधं डोकं दुखलं म्हणून कधी घरी राहिला नाही. तेरवीपर्यंत येणारी प्रत्येक बाई वहिनींना तेच विचारायची, "सकाळी काही म्हणाले होते का वं?" वहिनी म्हणायच्या, "नाही बाई, चांगले गेले." बाया च्‌ च्‌ करायच्या, कपाळाला हात लावायच्या. मी ओसरीत बसून ते ऐकायचो आणि स्वतःच्याच छातीवर हात ठेवून पाहायचो.

कारण साधं होतं. मी त्याच्याहून पाच वर्षांनी लहान, पण बांधा तोच, मान तीच, पोट सुटायची तऱ्हासुद्धा तीच. बाजारात मागून पाहणारे लोक मला त्याच्या नावानं हाक मारायचे. जे त्याला झालं ते मला होणार, फक्त माझी पाळी यायची आहे, हे मी मनाशी ठरवूनच टाकलं होतं. पहिली काही वर्षं ही भीती गुपचूप कोपऱ्यात पडून राहिली. पंचेचाळिशी ओलांडली आणि तिनं घरात ठाण मांडलं. वहिनींना भावाच्या जागी तिथंच शिपायाची नोकरी मिळाली होती, त्या दोन मुलींना घेऊन कॉलनीतच राहायच्या. मोठी लग्नाला आलेली, धाकटी शाळेत. माझी स्वतःची दोन लेकरं होतीच. दोन्ही घरांत मिळून पुरुष माणूस म्हणून मी एकटा उरलो होतो. मी गेलो तर या सगळ्यांचं काय, हा विचार एकदा सुरू झाला की थांबायचा नाही.

मी नागपूरजवळच्या वाडीला एका ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनमध्ये बिल्टी लिहायचो. ट्रकमध्ये काय माल चढला आणि तो कुठे कोणाकडे जाणार, त्याची पावती म्हणजे बिल्टी. दिवसभर खुर्ची, सकाळी तर्री-पोहे, दर तासाला चहा. राहायलाही वाडीलाच, मागच्या गल्लीत दोन खोल्या भाड्यानं. बसल्या बसल्या माझी बोटं आपोआप मनगटावर जायची आणि नाडी शोधायची. सापडली की बरं वाटायचं. मग वाटायचं, जरा जोरातच नाही का चालली? जेवताना, पाहुण्यांसमोर, कुठेही. बायको हात ओढून बाजूला करायची.

"चालू आहे नं ते?"

"आहे."

"मंग चालू द्या नं! सारखं सारखं उघडून का पाहता?"

तिला हसू यायचं, मला यायचं नाही. शेवटी तीच मला डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरनं दंडाला पट्टा बांधून प्रेशर पाहिलं, भावाचं विचारलं, आणि म्हणाला, घराण्यात आहे तुमच्या, वजन उतरवा, रोज सकाळी चाला. झालं! एवढ्यासाठी मी रात्रभर जागलो होतो.

चाललो. बावा, मी खरंच चाललो. अमरावती रोडनं सकाळी अंधारात, एका बाजूनं ट्रक, दुसऱ्या बाजूनं धूळ. पण चालणं हा माझ्यासारख्या भित्र्या माणसाचा व्यायामच नव्हे. पाय आपले आपण चालतात, डोकं रिकामं राहतं, आणि रिकामं डोकं जाऊन बसतं थेट छातीत. आता धडधडलं, आता थांबलं, आता डाव्या बाजूला काहीतरी टोचलं. कधी कधी मी मैलाच्या दगडावर बसून घ्यायचो आणि ट्रकवाले हॉर्न मारून विचारायचे, "क्या हुआ बाबूजी?" घरी यायचो तो घामानं भिजून, आणि त्यातला अर्धा घाम भीतीचा असायचा.

आमच्या बाजूच्या गोडाऊनला एक चौकीदार होता. फौजेतून रिटायर झालेला, मूळचा भंडाऱ्याकडचा, आवाज असा की दोन गल्ल्यांपलीकडं ऐकू जावा. सगळे त्याला हवालदार म्हणायचे. फौजेत असताना तो जुडो शिकला होता आणि ते ज्ञान आपल्याबरोबर सरणावर जाऊ नये अशी त्याला मोठी काळजी होती. सकाळी माल उतरायच्या आधी शेड रिकामी असायची. तिथं त्यानं बारदानाच्या पोत्यांत तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरून जमिनीवर अंथरलं होतं, वरून ट्रकची जुनी ताडपत्री ताणून दोरखंडानं चारी बाजूंनी बांधली होती. त्यावर काही हमाल, एक ड्रायव्हर आणि समोरचा टायर-पंक्चरवाला एकमेकांना धडाधड आपटायचे. दिवाळी झाल्यावरची गोष्ट. मी फिरायला निघालो आणि तो आवाज ऐकून दारात उभा राहिलो.

"बाहेरून फुकटात तमाशा पाहून राहिले का बाबूजी? या आत."

"मी? या वयात?"

"वय इचारलं का मी तुमाले? चपला काढा."

चपला का काढल्या ते आजही मला सांगता येत नाही. पंक्चरवाला माझ्याच वयाचा, हाताला कायम रबराचा वास येणारा दांडगा माणूस. त्यानं माझ्या सदऱ्याची गचांडी धरली, मी त्याची धरली, आणि आम्ही ताडपत्रीवर गोल गोल फिरू लागलो. हवालदार ओरडत होता, पाय पहा, खांदा ढिला सोडा, श्वास घ्या. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की इतका वेळ मी छातीकडे लक्षच दिलं नव्हतं. समोर एक माणूस आपल्याला पाडायला टपलेला असताना नाडी पाहायला सवड कोणाला? महिनोन्‌महिन्यांत पहिल्यांदा माझं डोकं सुट्टीवर गेलं होतं. मी घरी येऊन बायकोला सांगितलं की उद्यापासून मी जुडोला जाणार. ती पोळी लाटत होती. तिनं लाटणं खाली ठेवलं.

"डोकं फिरलं का तुमचं?"

"डॉक्टरनंच सांगितलं व्यायाम करा म्हणून."

"चाला म्हणाला होता तो! मारामारी करा नव्हता म्हणाला."

पण तिनं अडवलं नाही. काही दिवसांतच माझी बोटं मनगटावर कमी जाऊ लागली हे तिला दिसलं. तिनं दोसुतीचं जाड कापड आणलं, आणि शिंप्याकडून पकडायला मजबूत असा कोट शिवून घेतला. शिंप्यानं माप घेताना विचारलं, "बाबूजी, कोणाच्या लग्नात घालता हा?" मी त्याला चार शब्द सुनावले. माझा स्वभावच तसा, भीती वाटली की आधी राग येतो.

खरी अडचण आठवडाभरात समजली. जुडोत पहिली गोष्ट शिकवतात ती पडणं. हनुवटी छातीला लावायची, श्वास सोडायचा, अंग सैल टाकायचं, आणि पाठ टेकता टेकता हाताचा तळवा जोरात ताडपत्रीवर मारायचा, म्हणजे सगळा मार हात घेतो आणि माणूस वाचतो. हमालांना हे दोन दिवसांत जमलं. ड्रायव्हर तर पडून पडून हसायचा. मला जमेना. पंक्चरवाल्यानं मला उचललं की शेवटच्या क्षणी माझं अंग हवेत वळायचं आणि मी पोटावर पडायचो, हात पुढे टेकून. हवालदार कपाळ बडवून घ्यायचा.

"पाठीवर पडा बाबूजी, पाठीवर! जमीन चावून राहिली का तुमाले?"

"पडतोच आहे की!"

"हे पडणं नाही, हे वाचणं आहे. असं वाचान तं एक दिवस हात मोडान."

त्याला काय सांगणार? काटोलकडच्या आमच्या गावात आखाडा होता आणि आम्ही दोघे भाऊ मिसरूड फुटेपर्यंत तिथल्या तांबड्या मातीत वाढलो. बाबांना शेतीनंतर दुसरा नाद कुस्तीचा. आम्ही आखाड्यातून घरी आलो की ते आधी आम्हाला पाठमोरं उभं करायचे. छातीला, गुडघ्याला, नाकातोंडात कितीही माती असो, ते काही म्हणायचे नाहीत. पण पाठीवर मातीचा ठप्पा दिसला, म्हणजे पोरगा चीत झाला, की त्या दिवशी आमच्याशी बोलणं बंद. मारणं नाही, शिव्या नाहीत, नुसतं बोलणं बंद. मी बहुतेक रोज हरायचो. भाऊ वाटेत नाल्यावर मला थांबवायचा, ओंजळीनं पाणी घेऊन माझी पाठ चोळून धुवायचा आणि म्हणायचा, "चाल आता, अन् तोंड पाडून नको राहू." त्याची स्वतःची पाठ नेहमी कोरडी आणि स्वच्छ. त्याला कोणी चीत केलेलं मी पाहिलं नाही. तर आता, इतक्या वर्षांनी, एक चौकीदार मला सांगत होता की रोज सकाळी आपणहून पाठ टेकवा. डोक्याला पटत होतं, अंगाला पटत नव्हतं. ज्या माणसानं लहानपणी कुस्ती केली नाही तो ही चूक करणारच नाही, आणि ज्यानं केली त्याला ती सुटणार नाही.

संक्रांतीच्या सुमारास हवालदाराचं म्हणणं खरं झालं. पंक्चरवाल्यानं मला कमरेवर घेतलं, मी मांजरासारखा वळलो, डावा हात आधी टेकला आणि मनगटात कट्‌ असा आवाज आला. मला दुखायच्या आधी भीती वाटली ती छातीचीच. डावा हात! भावाचाही डावाच दुखला असेल का? मी उजव्या हातानं छाती दाबून धरली आणि ओरडलो. पंक्चरवाल्याला वाटलं गेला बाबूजी. तो रडायलाच लागला. हाड मोडलंय एवढंच, हे कळल्यावर मी इतका खूश झालो की प्लास्टर घालणारा कंपाउंडर माझ्याकडे संशयानं पाहू लागला.

घरी मात्र खुशी टिकली नाही. बायकोनं माझ्याकडे पाहिलं, प्लास्टरकडे पाहिलं, आणि दोसुतीचा कोट पेटीत टाकून पेटीला कुलूप लावलं. त्या रविवारी कोराडीहून वहिनी आल्या. त्या मुळात कमी बोलणाऱ्या, भाऊ गेल्यावर आणखीच कमी. नोकरीला लागल्यापासून चालणं भरभर झालं होतं, केस मागे घट्ट बांधलेले. त्यांनी येताना मुलीच्या स्थळाचा विषय काढायचं ठरवलं होतं, तो राहिलाच. त्या माझ्या प्लास्टरवर हात ठेवून बसून राहिल्या.

"भाऊजी, तुमाले काही झालं तं…" आणि पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

मी म्हटलं, "वहिनी, हात मोडला आहे, मी नाही मोडलो."

"हाताचं नाही म्हणून राहिली मी."

बायको चहा गाळत होती, तिचा हात थांबला. मला दोघींचाही राग आला, कारण माझ्या मनात जे चाललं होतं तेच त्या बोलत होत्या. मी उगाच मोठ्यानं बोललो, की मला काही धाड भरलेली नाही, माझी तब्येत ठणठणीत आहे, नागपुरात माझ्यासारखा गडी शोधून सापडणार नाही. वहिनी ऐकून घेत होत्या. जाताना म्हणाल्या, "ठणठणीत म्हणूनच भेव वाटते."

प्लास्टर निघेपर्यंत पुन्हा जुनंच सुरू झालं. रिकामपण आणि नाडी, नाडी आणि रिकामपण. रात्री डाव्या कुशीवर झोपलं की उशीत ठोके ऐकू यायचे म्हणून उजव्या कुशीवर, आणि उजव्या कुशीवर ऐकू आले नाहीत म्हणून उठून बसायचो. शेवटी बायकोनंच पेटीचं कुलूप काढलं. कोट माझ्या अंगावर फेकून म्हणाली, "जा बाप्पा, जा. आपटून घ्या. घरात असे मरत मरत बसण्यापेक्षा तिथं जा."

उन्हाळा लागला होता. टिनाच्या शेडमध्ये सूर्य उगवायच्या आत तापायला सुरुवात व्हायची. हवालदारानं माझं मनगट उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, "आज तुमाले काही करायचं नाही. तिकडे कोपऱ्यात जा अन् पाठीवर पडून राहा."

"म्हणजे?"

"म्हणजे पडून राहा. मी उठा म्हणीन तवा उठा."

पन्नाशीकडे झुकलेला माणूस दिवसाउजेडी चार लोकांत उताणा पडलाय! मी पडलो आणि लगेच उठून बसलो. हवालदार ओरडला. पुन्हा पडलो. अंगावर कोणीतरी डोळे लावून बसलंय असं वाटत राहिलं. मग हळूहळू ध्यानात आलं की कोणीच पाहत नाही. पंक्चरवाला ड्रायव्हरला आपटत होता, हमाल दम खात बिडीची वाट पाहत होते. माझ्याकडे बघायला कोणालाही फुरसत नव्हती. मी टिनाच्या पत्र्यातली भोकं बघत पडून राहिलो आणि विचार करू लागलो की बाबांना मी दिवसा आडवं झालेलं कधी पाहिलं आहे का. नाही. ताप आला तरी ते भिंतीला टेकून बसायचे, आणि कोणी विचारलं की म्हणायचे, "काही नाही." भाऊही तसाच. मीही तसाच. आमच्या घरात आजारी पडायचे ते बायका आणि लेकरं.

त्यानंतर मला पडता येऊ लागलं. एकदम नाही, पण येऊ लागलं. पहिल्यांदा तळवा ताडपत्रीवर नीट बसला आणि फटाक्यासारखा आवाज झाला तेव्हा पंक्चरवाल्यानं मला उठू न देता मिठीच मारली. मी पोरासारखा पुन्हा पुन्हा पडलो. त्या पावसाळ्यात आणि पुढच्या दिवाळीपर्यंत मी जितका खूश होतो तितका कित्येक वर्षांत नव्हतो. वजन उतरलं, पट्टा आत सरकला. पण खरं सांगतो, भीती गेली नव्हती. ती सकाळच्या वेळेपुरती दाराबाहेर थांबायची आणि मी चपला घातल्या की पुन्हा माझ्याबरोबर घरी यायची. त्यात मी आता भावाच्या वयाला येऊन पोचलो होतो. घरात ते कोणी बोलायचं नाही. पण बायको गोडाऊनमध्ये चिठ्ठी पाठवून विचारायला लागली, जेवले का, वेळेवर येता का. वहिनींचे फेरे वाढले. दोघी माझ्याकडे अशा बघायच्या की मलाच अवघडल्यासारखं व्हायचं.

आणि मग ते झालं. थंडीचे दिवस, शेडमध्ये तोंडातून वाफ निघत होती. अजून कोणी कोणाला धरलंही नव्हतं, मी कोटावरचा पट्टा बांधत होतो. छातीवर कोणीतरी धान्याचं पोतं ठेवल्यासारखं झालं. टोचलं नाही, दुखलंही नाही म्हणा, नुसतं जड. मग जबडा दुखू लागला. मग अशा कडाक्याच्या थंडीत माझ्या मानेवरून घाम ओघळला. वर्षानुवर्षं मी जिची वाट बघत होतो ती वेळ आली होती, आणि गंमत पहा, आता ती खरी आली तर मला ती खरी वाटेना. गॅस असेल. तणसाची धूळ असेल. काल रात्री वांग्याची भाजी तिखट होती. ज्या माणसानं हजार वेळा खोटी नाडी मोजली तो खऱ्या वेळी कारणं शोधत होता.

"का झालं गा बाबू?" पंक्चरवाल्यानं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. माझ्या डोक्यात यायच्या आधी ते तोंडातून निघालं. आवाजसुद्धा बाबांचा होता.

तो पुढे आला आणि त्यानं कोटाची कॉलर धरली. मला आठवतं, त्या वेळी मी उभं राहण्यासाठी जो जोर लावत होतो ना, तसा जोर मी कोणत्याही कुस्तीत लावला नव्हता. घरी जाऊ, वाटेत बरं वाटेल, बिल्टीचं टेबल उघडू. मग एकाएकी मला माझाच संताप आला. काय चाललंय हे? कोणासाठी उभा आहे मी? मी त्याचे हात झटकले, खाली बसलो आणि ताडपत्रीवर सरळ पाठ टेकली.

"मले दुखून राहिलं," मी म्हणालो. "छातीत. मले दवाखान्यात न्या."

घरात आयुष्यभर प्रमाण मराठी बोलायचा माझा आग्रह, पोरांना मी त्यावरून रागवायचो. त्या वेळी तोंडात गावाकडचंच आलं. हवालदार, तो बर्फात पहारा केलेला माणूस, माझ्याजवळ गुडघे टेकून बसला आणि त्याचे ओठ नुसते हलत होते, आवाज निघेना. सगळं काम हमालांनी केलं. त्यांनी दोरखंड सोडले, ताडपत्रीचे कोपरे धरून मला त्याच्यासकट उचललं आणि बाहेर अमरावतीला निघालेल्या ट्रकमध्ये माल सरकवून ठेवलं. ड्रायव्हरनं ट्रक उलटा फिरवला तो थेट शहराकडे. माझ्या एका बाजूला साबणाच्या पेट्या, दुसऱ्या बाजूला पंक्चरवाला. तो सारखा विचारत होता, "बाबू, आहे का गा?" आणि मी म्हणत होतो, "आहे." मध्येच मी त्याला सांगितलं की माझ्या बायकोला सांग, मुलीचं स्थळ सोडू नका. कोणत्या मुलीचं, कोणतं स्थळ, बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. तो हो हो म्हणत राहिला.

झटका आला होता, पण छोटा. जिभेखाली गोळी ठेवली, छातीला वायरी लावून कागदाच्या पट्टीवर रेघा काढल्या. डॉक्टर तरुण होता. माझा कोट बघून त्यानं विचारलं की काय करत होतात. मी सांगितल्यावर त्यानं चष्मा काढून पुसला.

"काका, व्यायाम म्हणजे चालायचं असतं."

"चालताना मला भीती वाटते."

त्याला हसावं की रागवावं कळेना. मग म्हणाला, "वेळेवर आलात. तासभर अंगावर काढलं असतं तर मी काही सांगू शकलो नसतो. आता नुसतं पडून राहायचं." बायको उशाशी उभी होती. इतका वेळ खंबीर होती, हे ऐकल्यावर पदर तोंडात कोंबून रडली. मलाही रडू आलं. मी भीतीनं नाही रडलो, मी वाचलो म्हणून रडलो, आणि मला त्याची अजिबात लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी आल्या. ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या, निळ्या काठाची ऑफिसची साडी, हातात मोसंब्यांची पिशवी. बायको कप विसळायला बाहेर गेली. वहिनी स्टुलावर बसल्या. तब्येत कशी आहे ते विचारलं नाही. थोडा वेळ माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "दुखून राहिलं होतं तं तुम्ही सोताहून सांगतलं?"

"हो."

"कोणी न इचारता?"

"विचारलं होतं. आधी मी काही नाही म्हणालो. मग सांगितलं."

"मंग सांगतलं नं पण."

त्यांचा आवाज मला ओळखू येईना. त्या पिशवीचे बंद बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

"मी बी इचारलं होतं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "त्या सकाळी न्हाणीतून निघाले तं डावा हात चोळून राहिले होते. तोंड पांढरं पडलं होतं. मी म्हटलं, का होऊन राहिलं? म्हणे, काही नाही, काल वाल्व फिरवला, हात भरून आला, तेल लावून दे. मी लावून देल्लं. कोमट करून, खांद्यापासून बोटापर्यंत रगडून रगडून देल्लं. पुन्हा म्हटलं, रजा टाका आजच्या दिवस. तं हसले. म्हणे, हात दुखते म्हणून का कोणी रजा टाकते? मी डबा भरून हातात देल्ला."

मी मूर्खासारखं विचारलं, "पण तुम्ही तर सगळ्यांना सांगितलं, चांगले गेले म्हणून."

"मंग का सांगू?" त्या एकदम ओरडल्या. बाजूच्या खाटेवरचा म्हातारा जागा होऊन पाहू लागला. "दुखून राहिलं होतं अन् मी जाऊ देल्लं, असं सांगू? मी बाजूले बसून होती भाऊजी. हात माह्या हातात होता. तुमाले सांगता आलं नं, परक्या माणसाइले. त्यायले मले सांगता येत नव्हतं?"

त्या रडल्या नाहीत. पिशवीतून एक मोसंबं काढलं आणि सोलायला लागल्या. तेल लावलेला तो हात मला दिसत होता, आणि त्या हाताबरोबर त्यांनी इतकी वर्षं एकटीनं काढली होती. भावाची आठवण निघाली की माझे डोळे भरायचे, त्या दुपारी भरले नाहीत. त्या दुपारी मला त्याचा पहिल्यांदा राग आला. तो समोर असता तर मी त्याच्या मुस्काटात दिली असती, थोरला असला तरी.